मुदत, खेप आणि खंड : ‘टर्म लिमिट’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न असा आला आहे : राष्ट्राध्यक्षांना आणि लोकप्रतिनिधींना किती वेळा निवडून येता यावं, या अमेरिकेतल्या वादावरचा एक लेख मराठीत करायचा आहे. ‘टर्म लिमिट’साठी ‘कालमर्यादा’ लिहावं, ‘कार्यकाळमर्यादा’ लिहावं की ‘मुदतबंदी’? आणि ‘थर्ड टर्म’ म्हणजे ‘तिसरा कार्यकाळ’च ना?

‘कालमर्यादा’ आधी बाजूला ठेवू. मराठीत ती कामाला असते, माणसाला नसते. अर्ज निकाली काढायची कालमर्यादा, पूल बांधून पुरा करायची कालमर्यादा. ‘राष्ट्राध्यक्षांना कालमर्यादा’ असं वाचलं की त्यांना काहीतरी अमुक तारखेच्या आत उरकायचं आहे, असंच वाटतं. ‘मुदतबंदी’ तर उलटीच पडते. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी या वळणाने तिचा अर्थ होईल ‘मुदत घालायलाच मनाई’.

‘कार्यकाळमर्यादा’ कानाला बरा वाटतो आणि वर्तमानपत्रांत दिसतोही. माझी हरकत त्याच्या अर्थाला आहे. वेगमर्यादेत वेग किती ते ठरतं, वयोमर्यादेत वय किती ते ठरतं. त्याच न्यायाने कार्यकाळमर्यादेत कार्यकाळ किती लांब ते ठरायला हवं. पण अमेरिकेच्या अध्यक्षाचा कार्यकाळ पहिल्यापासून चार वर्षांचाच आहे आणि त्यावर कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते अशी चार-चार वर्षं एकाच माणसाला किती वेळा मिळावीत यावर. म्हणजे मोजायचं आहे वेळांना, वर्षांना नाही.

गोंधळाचं मूळ खुद्द ‘टर्म’ या शब्दात आहे. तो लॅटिन ‘टर्मिनस’वरून आला आणि टर्मिनस म्हणजे शिवेचा दगड, हद्द. आपल्याकडे ‘अवधी’चंही तसंच आहे. संस्कृतात ‘अवधि’ म्हणजे सीमा, म्हणून तर अमर्याद ते ‘निरवधी’. हद्द दाखवणारा शब्द दोन्हीकडे हळूहळू हद्दीच्या आतल्या काळाला लागला. त्यामुळे ‘अवधिमर्यादा’ केलं तर मुळाशी ‘मर्यादेची मर्यादा’ होते, इंग्रजीतही होते. तिथे ते रुळलं आहे, आपण ते ओझं उचलायचं कारण नाही.

मराठीकडे या एका जागेसाठी निदान चार वेगळे शब्द आहेत आणि बोलणारा ते सहसा चुकवत नाही. मुदत असते संस्थेची किंवा सभागृहाची. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची ‘मुदत संपली’ आणि प्रशासक आले, तेव्हा नगरसेवकांचा ‘कार्यकाळ संपला’ असंही म्हटलं गेलं, पण महापालिकेचा ‘कार्यकाळ’ संपल्याचं क्वचितच कुणी म्हणालं. कार्यकाळ माणसाचा, पदावर असतानाचा. कारकीर्द हा फारसीतून आलेला शब्द, तीही माणसाचीच, पण तिच्यात काय केलं-न केलं याचा हिशेब येतो. म्हणून कारकीर्द गाजते, कार्यकाळ गाजत नाही. आणि पदावधी हा कायद्याचा शब्द. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात राष्ट्रपतीच्या पाच वर्षांसाठी तोच आहे. लांबीच सांगायची असेल तेव्हा मी बिनदिक्कत पदावधी वापरीन.

पण वेळा मोजायला यातला एकही शब्द नीट चालत नाही. त्यासाठी मराठीत आहे ‘खेप’. आडावरून पाण्याच्या खेपा करतात, बैलगाडीने उसाच्या खेपा होतात. एक खेप म्हणजे भरून नेलेलं आणि रिकामं केलेलं एक पुरं ओझं. म्हणूनच ‘तिसऱ्या खेपेला आमदार झाले’ हे वाक्य इतकं सहज वाटतं. बोलताना लोक ‘तिसरी टर्म’ म्हणतात. त्यालाही माझी ना नाही, मराठीने त्या टर्मला स्त्रीलिंग देऊन घरात घेतलेलंच आहे. मात्र ‘तिसरा कार्यकाळ’ मला खटकतो. कार्यकाळ सलग मोजायचा. एका माणसाचे तीन कार्यकाळ म्हटले की तो तीनदा येऊन-जाऊन राहिला असावा असं वाटतं.

हा शब्दांचा कीस वाटेल, पण देशोदेशीची राज्यघटना याच फटींवर अडली किंवा वाकवली गेली आहे.

रशियाचं घ्या. १९९३च्या घटनेत एकाच व्यक्तीला ‘सलग’ दोन खेपांहून जास्त अध्यक्ष राहता येणार नाही असं होतं. रशियन शब्द ‘पोद्र्याद’, म्हणजे लागोपाठ. पुतिन २००८ मध्ये पायउतार झाले, पंतप्रधान झाले, मेदवेदेव अध्यक्ष झाले आणि २०१२ मध्ये पुतिन पुन्हा अध्यक्षपदी आले. खंड पडला, त्यामुळे मोजणी पहिल्यापासून. मधल्या काळात, २००८ मध्येच, अध्यक्षाचा पदावधी चारवरून सहा वर्षं केला गेला; खेपा तितक्याच राहिल्या. २०२० मध्ये ‘पोद्र्याद’ काढून टाकला. वरवर पाहता नियम कडक झाला, पण त्याच दुरुस्तीने पुतिन यांच्या आधीच्या खेपा हिशेबातून वगळल्या. आता हे सगळं ‘रशियात कार्यकाळमर्यादा बदलली’ एवढ्यात बसवून पाहा. लांबी बदलली, खंडाची अट बदलली की मोजणी पुसली, वाचकाला काहीच कळत नाही. ते कळलं नाही तर नागरिक म्हणून त्याच्या हाती राहतं काय?

याच्या नेमकं उलट अमेरिका. १९५१ मध्ये मंजूर झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीत ‘सलग’ हा शब्दच नाही. रूझवेल्ट १९३२, ३६, ४० आणि ४४ असे चारदा निवडून आले, त्यानंतर ती दुरुस्ती झाली. तोवर वॉशिंग्टन यांनी दोन खेपांनंतर आपणहून थांबून घालून दिलेला पायंडा होता, कायदा नव्हता. आता कायदा म्हणतो, दोनदाच निवडून यायचं, मध्ये कितीही खंड पडो. ट्रम्प २०१६ आणि २०२४ मध्ये निवडून आले, मध्ये चार वर्षं गेली, तरी खेपा दोनच धरल्या जातात. दुसऱ्याची अर्धवट राहिलेली खेप पुरी करणाऱ्यासाठीही तिथे माप आहे : त्यातली दोन वर्षांहून जास्त वर्षं सांभाळली, तर स्वतःला एकदाच निवडून येता येतं. निक्सन यांच्यानंतर आलेल्या फोर्ड यांच्या वाट्याला सुमारे अडीच वर्षं आली, म्हणून त्यांना पुढे एकाच निवडणुकीची मुभा उरली होती. केनेडींनंतरच्या जॉन्सन यांना तेव्हाची खेप चौदा महिन्यांचीच मिळाली, त्यामुळे ते आणखी दोनदा निवडून येऊ शकले असते.

आफ्रिकेतल्या बुरुंडीत २०१५ मध्ये वाद पेटला तो तर ‘निवडून येणं’ म्हणजे काय यावर. तिथले अध्यक्ष न्कुरुनझिझा तिसऱ्या खेपेला उभे राहत होते. त्यांना २००५ मध्ये जनतेने नव्हे, संसदेने निवडलं होतं आणि घटनेत थेट जनतेतून निवडून येण्याबद्दल लिहिलं होतं. म्हणून ती पहिली खेप धरायचीच नाही, असं त्यांच्या बाजूने म्हटलं गेलं आणि तिथल्या घटना न्यायालयाने ते मानलं. या बातमीच्या भाषांतरात ‘दोन कार्यकाळांची मर्यादा’ लिहिली की भांडणाचा गाभाच गळून पडतो.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीत तर ‘खेप’सुद्धा पुरत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये आपल्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात तीन आणि वरच्या सभागृहात दोन खेपांचं बंधन घातलं, तेही आयुष्यभराचं. २०१२ मध्ये ते बदलून दोन्ही सभागृहांत मिळून एकूण बारा वर्षं असं केलं. तिथे आता मोजायची आहेत वर्षं. नेब्रास्का राज्यात मात्र सलग दोन खेपांनंतर थांबावं लागतं आणि खंडानंतर परतता येतं. आयुष्यभराच्या बंधनासाठी ‘तहहयात’ या सुंदर शब्दाचा मोह होईल, पण तो आवरा. ‘तहहयात अध्यक्ष’ म्हणजे मरेपर्यंत अध्यक्ष. ‘तहहयात मर्यादा’ वाचताना डोळा अडखळतो. ‘आयुष्यात एकूण बारा वर्षं’ असंच लिहावं.

अमेरिकेतल्याच अर्कान्सास राज्याचं प्रकरणही असंच नाजूक आहे. तिथल्या राज्यघटनेच्या दुरुस्तीने ठरावीक खेपा झालेल्या सदस्याला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, निवडणूक लढवायला बंदी केली नव्हती, मतपत्रिकेवर त्याचं नाव छापायला केली होती. मतदाराने नाव हाताने लिहिलं तर ते चालणार होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तेही रद्द केलं, कारण राज्यांना काँग्रेसच्या सदस्यांसाठी पात्रतेच्या नव्या अटी घालता येत नाहीत. ‘लढवायला बंदी’ असं भाषांतर केलं तर खटला समजणार नाही.

‘खंड’ शब्दावर थोडं थांबतो, कारण तो आपल्याला घरचा आहे. सेवेत खंड, शिक्षणात खंड. क्रिकेट मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना ठरावीक वर्षांनंतर बाहेर बसावं लागतं, त्याला बातम्यांत ‘कूलिंग ऑफ पीरियड’ म्हणतात. त्याला ‘सक्तीचा खंड’ म्हटलं तर कोणालाही कळेल. नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना तर हा हिशेब पाठ असतो : सलग आठ वर्षं, आणि २०२५ पासून सलग दहा. तिथेही सगळं वजन ‘सलग’वर आहे.

मग मथळ्याला काय? माझं मत ‘फेरनिवडीवर मर्यादा’ला. फेरनिवड हा मराठीत मुरलेला शब्द आहे, ती पुन्हा घडणारी गोष्ट आहे हे त्यातच आलं, आणि मर्यादा कशावर हेही उघड होतं. मेक्सिकोत तर क्रांतीपासूनची घोषणाच ‘फेरनिवड नको’ अशी आहे. तिथे अध्यक्षाला सहा वर्षांची एकच खेप मिळते, आयुष्यात पुन्हा नाही. तिथे तेवढं ‘फेरनिवडीला बंदी’ लिहा. आपल्याकडे राष्ट्रपतिपदाला अशी मर्यादा नाही, घटनेत फेरनिवडीची पात्रता स्पष्ट दिली आहे; तरी दोनदा निवडून आले ते एकटे राजेंद्रप्रसाद. हा संकेत झाला, मर्यादा नव्हे. लेखात हेही दोन शब्द एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका.

लेखातल्या ‘लेम डक’चं भाषांतर ‘मावळते अध्यक्ष’ करण्याचा मोह होईल. मावळता हा आपल्याकडे मानाचा शब्द आहे, साहित्य संमेलनाचे मावळते अध्यक्ष नव्याकडे सूत्रं देतात. फेरनिवडीवर मर्यादा नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा वेगळा आहे : जो पुन्हा येणारच नाही, त्याचं कोणी ऐकत नाही. तिथे ‘जाणाऱ्याचा शब्द चालत नाही’ असं सरळ लिहा.

आणि बाविसाव्या दुरुस्तीचं ते कलम मी असं लिहीन : ‘अध्यक्षपदावर कोणाही व्यक्तीची दोनपेक्षा अधिक वेळा निवड होणार नाही.’ ‘कोणीही दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्ष राहणार नाही’ असं नको. मूळ मजकूर निवडीबद्दल बोलतो, पदावर राहण्याबद्दल नाही. दोनदा निवडून आलेला माणूस उपाध्यक्षपदावरून पुन्हा वर चढू शकतो का, हा तिथल्या कायदेपंडितांचा वाद याच एका क्रियापदावर उभा आहे.