कागद कोणाला हवा आहे?

चि. बाळ,

सलाम.

बुधवारी तरुण संघाच्या बैठकीत, श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही केली नाही म्हणून कोठडीत पडलेल्यांबद्दल वाचून झाल्यावर तू विचारलंस आणि सगळे गप्प झाले. पाळकसाहेबांनी गीत सुरू करून विषय मिटवला. मीही गप्प बसलो. स्वतःवरचा तो राग अजून गेला नाही, म्हणून लिहितोय.

तुझा प्रश्न, ‘मनात विश्वास ठेवायचा, वर सही करून घरी यायचं, बिघडलं काय? देव तर मन बघतो.’ प्रश्न वाईट नाही. पण तू तो कोठडीतल्या माणसाला विचारतेस. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला विचार ना! मनातलं मनातच राहणार असेल तर त्याला कागद कशाला लागतो? कागद कोणाला हवा आहे, ते आधी बघ.

आफ्रिकेतल्या एरिट्रियाचं घे. २००२ साली तिथल्या सरकारने ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, लुथरन आणि सुन्नी इस्लाम एवढे सोडून बाकी पंथांची प्रार्थनास्थळं बंद केली. हेलन बेरहाने ही अशाच एका बंद पंथातली, भक्तिगीतं गाणारी बाई. २००४ मध्ये तिला धरलं, मई सेरवाच्या लष्करी छावणीत मालवाहू कंटेनरमध्ये ठेवलं. मागणी काय, तर यापुढे पंथाच्या कामात भाग घेणार नाही असं सही करून दे. तिने दिलं नाही. २००६ च्या अखेरीस सुटली तेव्हा मारहाणीने पायांवर धड उभं राहवत नव्हतं. पुढे डेन्मार्कने आसरा दिला. मान्यता असलेल्यांचं तरी काय? ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख अँटोनिओस सरकारी ढवळाढवळीविरुद्ध बोलले, तर त्यांना पदावरून काढून नजरकैदेत टाकलं. २०२२ मध्ये तसेच वारले.

‘कंटेनर’ हा शब्द तू बैठकीत सहज वाचून गेलीस. मी द्राक्षांच्या पॅकहाऊसवर एकोणीस वर्षं काढली आहेत. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, आत मिट्ट काळोख. बाहेरून दांडा पडला की तो आवाज पाठीत बसतो. मे महिन्यात पिंपळगावला उन्हात उभ्या असलेल्या रिकाम्या कंटेनरला दुपारी चुकून तळहात लागला तर तोंडातून शिवीच येते, पाळकसाहेबांच्याही येईल. आणि आमच्या द्राक्षांच्या कंटेनरला मशीन असायचं. आत शून्याच्या आसपास राखायचं, जरा काटा हलला की रात्री-अपरात्री फोन. घडांची एवढी काळजी.

तुझी युक्तीही नवी नाही, पोरी. २५० साली रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढलं, सगळ्यांनी देवतांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. ते दाखले इजिप्तमध्ये सापडलेत, साक्षीदारांच्या नावासकट, अगदी आपल्या तलाठ्याच्या दाखल्यासारखे. काही ख्रिस्ती लोकांनी बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला. पुढे मंडळ्यांत भांडणं पेटली ती ह्यावरून, की अशांना परत घ्यायचं का. सम्राट राहिला बाजूला, भाऊ भावाचा हिशेब मागायला लागला. म्हणून म्हणतो, कागद कोणाला हवा आहे ते बघ.

हे मला वाचून कळलेलं नाही. सातपूरच्या एका कारखान्यात आमचा संप मोडला तेव्हा गेटवर टेबल टाकलं होतं. चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र. सही करा, आत जा. थोरली सहा महिन्यांची, दोन महिन्यांचं भाडं थकलेलं. मी सही केली. माझ्यामागे रांगेत माझा मित्र होता. त्याने कागद पूर्ण वाचला, पेन आडवं ठेवलं, सायकल काढली आणि गेला. संप म्हणजे श्रद्धा नव्हे, हे मला सांगू नकोस. माझ्या अंगाला कोणी बोटही लावलं नव्हतं. पण पाळीतल्या बहुतेकांनी केली होती सही, मी एकट्याने नाही. घरात दुधाला पैसे नव्हते. पाहिलंस? अजून खुलासे देतोय. इतकी वर्षं मी चिडलो तो त्या मित्रावर. पुढे तो गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, भाजीची गाडी लावायचा, मी वाट बदलून जायचो. टेबल कोणी टाकलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. तुला सुचायला हवं, कॉलेजात शिकतेस.

तेव्हा रविवारी बोलशील ते नीट बोल. सही केलेल्यांना येशूला धरून देणारा यहूदा म्हणू नकोस. पेत्राने शेकोटीपाशी उभं राहून तीनदा येशूला नाकारलं, त्याला आपण संत म्हणतो. आणि सही नाकारणाऱ्यांना हट्टीही म्हणू नकोस. २०१४ मध्ये सुदानमध्ये मेरियम इब्राहिमला ख्रिस्ती धर्म सोडायला मोजके दिवस दिले, तिने मान हलवली नाही. फाशीची शिक्षा झाली, तुरुंगात पायांत बेड्या असताना बाळंत झाली. वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली म्हणून वाचली. तिच्यासमोर उभं राहून ‘देव मन बघतो’ म्हणशील?

उपासनेच्या अर्धा तास आधी ये. मी टेप आणि पाव किलो चुना आणतो. चर्चच्या अंगणात वीस बाय आठ आखू, तरुण संघाला त्यात उभं करू. तू बोलत असताना बाहेर कोणी पाऊल टाकायचं नाही. माझ्यासाठी खुर्ची मागू नकोस, मीही आतच उभा राहीन.

तुझे,
काका