सातवीत नेमकं काय काय असतं?

"मुलगी जूनमध्ये सातवीत जाईल. स्टेट बोर्ड, सेमी. वर्षभर काय शिकवतात आणि गणिताचा क्लास आत्ताच लावू का?" असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं सातवीला गणित आणि भूगोल शिकवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे सगळं २०१७ साली आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांप्रमाणे.

आधी गणित, कारण काळजी त्याचीच दिसते. पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार, मसावि-लसावि, परिमेय संख्या, घातांक, मग बैजिक राशी. पायथागोरस, वर्तुळ, सरळव्याज, सांख्यिकी हे दुसऱ्या भागात. मुलं अडतात ती दोन ठिकाणी. उणे गुणिले उणे अधिक का, हे न कळता पाठ केलं जातं. आणि ३ एक्स अधिक ४ वाय याचं उत्तर हमखास '७ एक्सवाय' येतं. तीन पेरू आणि चार चिकू मिळून सात 'पेरूचिकू' होत नाहीत, एवढं पटलं की आठवीची अर्धी वाट सोपी होते. या दोन गोष्टींवर घाई करू नका.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. सातवीचे विषय एकमेकांत फार गुंतलेले आहेत आणि आपण ते वेगवेगळ्या वह्यांत कोंडून ठेवतो. भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. कोकणात ढोबळ हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे तीनच्या सुमारास. मुलीला कॅलेंडर देऊन आठवडाभराच्या वेळा काढायला सांगा. अपूर्णांकांचा गुणाकार होतो आणि भरती रोज पुढे का सरकते, हा प्रश्न तिच्याच डोक्यात येतो. उत्तर चंद्राच्या फिरण्यात आहे आणि तेही त्याच पुस्तकात आहे.

तसाच समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा धडा. तो अगदी शेवटी येतो, म्हणून मार्चमध्ये उरकला जातो. फार वाईट वाटतं, कारण इतिहासात वर्षभर शिवकाल आणि मराठेशाहीच असते. रेषा दाटीवाटीने आल्या की उतार तीव्र, हे कळलेलं मूल प्रतापगडाचा नकाशा बघून १६५९ साली अफजलखानाला जावळीच्या डोंगरात का येऊ दिलं, ते स्वतः सांगतं. जमलं तर हा धडा दिवाळीच्या सुट्टीतच घरी वाचून घ्या.

नागरिकशास्त्र लहान आहे, पण संविधानाची उद्देशिका आणि मूलभूत हक्क यांवर घरात बोलणं झालंच पाहिजे. विज्ञानात पेशी, पचनसंस्था, उष्णता, ध्वनी, मूलद्रव्यं-संयुगं असं बरंच काही येतं. त्यातले चाल आणि वेग, वस्तुमान आणि वजन यांतले फरक पक्के करा, पुढे भौतिकशास्त्रात तेच लागतात. भाषांबद्दल एकच सांगते, स्वाध्यायाची उत्तरं गाइडमधून उतरवू देऊ नका. चार ओळी मोडक्यातोडक्या असल्या तरी तिच्या असू देत.

क्लासचं म्हणाल तर पहिली घटक चाचणी होईपर्यंत थांबा. सेमी आहे, तर गणित-विज्ञानाची मराठी माध्यमाची पुस्तकंही बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, फुकट मिळतात. इंग्रजीतून अडलेला परिच्छेद मराठीत वाचला की बऱ्याचदा तिथेच सुटतो. चाचणीनंतर तिला काय जड जातंय ते इथे लिहा, मग क्लासचं बघू.