‘भाव’ या शब्दाचे अर्थ कोणते, आणि किंमत, दर, मोल, मूल्य हे त्याचे खरोखर समानार्थी शब्द आहेत का?

आपण विचारले आहे की ‘भाव’ या शब्दाचे मराठीत कोणकोणते अर्थ होतात, आणि शब्दकोशात त्याच्यापुढे किंमत, दर, मोल, मूल्य असे जे शब्द दिलेले असतात ते एकमेकांच्या जागी वापरता येतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण लिहिताना माणूस तिथेच अडतो. हे शब्द एकाच घरातले असले तरी प्रत्येकाचे काम वेगळे आहे, आणि बहुतेक वाक्यांत एकाच्या जागी दुसरा ठेवला की अर्थ तरी सरकतो किंवा मराठी तरी बिघडते.

सराफाच्या दुकानात ‘आजचा भाव’ म्हणून जो फलक असतो, त्यावरचा आकडा दहा ग्रॅम सोन्याचा असतो. आपण अंगठी निवडली की तिच्या वजनानुसार त्या भावाने सोन्याची रक्कम काढतात, तीत घडणावळ म्हणजे मजुरी मिळवतात, त्यावर 3 टक्के वस्तू व सेवा कर लावतात आणि शेवटी जी रक्कम येते ती त्या अंगठीची किंमत होते. भाव सोन्याचा आणि किंमत अंगठीची. साधारणपणे असे म्हणता येईल की भाव जिनसेचा असतो आणि किंमत नगाची असते. म्हणूनच ज्वारीचा, तुरीचा, कापसाचा भाव निघतो, पण सायकलीची, घड्याळाची, पुस्तकाची किंमत विचारली जाते. पाकिटबंद मालावर ‘कमाल किरकोळ किंमत’ छापलेली असते, तिथे कोणी ‘कमाल किरकोळ भाव’ छापत नाही, कारण छापून कायम झालेली रक्कम हा भाव नव्हेच.

भावाचा खरा स्वभाव पाहायचा असेल तर लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारपेठेत लिलावाच्या वेळी उभे राहावे. शेतकऱ्याने माल आणलेला असतो, व्यापारी बोली लावतात, आवक किती झाली, प्रत कशी आहे, निर्यात खुली आहे की बंद आहे, या सगळ्यांच्या ओढाताणीतून क्विंटलमागे एक आकडा ठरतो आणि तो त्या दिवसापुरता, कित्येकदा त्या ट्रॉलीपुरताच खरा असतो. म्हणून भावाला जी क्रियापदे लागतात ती हालचालीची असतात: भाव चढतो, उतरतो, वधारतो, गडगडतो, कोसळतो, टिकून राहतो, आणि हंगामाच्या सुरुवातीला पहिल्यांदा जाहीर होतो तेव्हा भाव ‘फुटतो’. खरेदीदार भाव पाडून मागतो, विक्रेता भाव धरून बसतो, आणि गरज नडली की मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो. पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत असत. या हत्ता पद्धतीत ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे, आणि उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो याच कारणाने.

‘दर’ हा शब्द भावाच्या अगदी जवळचा आहे, आणि सोन्याचा भाव व सोन्याचा दर ही दोन्ही रूपे आज सर्रास चालतात. तरीही फरक आहे. दरमहा, दरसाल, दरडोई या शब्दांत ‘दर’ म्हणजे प्रत्येक, आणि नाम म्हणून वापरतानाही त्यात ‘एका मापामागे किती’ हीच कल्पना असते. त्यामुळे व्याजदर, विनिमय दर, जन्मदर, वाढीचा दर अशा ठिकाणी दर बसतो, तिथे भाव मुळीच चालत नाही. शिवाय दर वरून ठरवून देता येतो. उसाच्या बाबतीत 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली पूर्वी केंद्र सरकार वैधानिक किमान किंमत ठरवत असे, 2009 पासून तिच्या जागी ‘रास्त व किफायतशीर दर’ आला, आणि आपल्याकडची आंदोलनेही ‘ऊसदरा’ची आणि ‘दूधदरा’ची होतात. कांदा उत्पादक मात्र ‘कांद्याला भाव द्या’ असे म्हणतात. उसाचा दर आदेशाने बांधलेला असतो, कांद्याचा भाव बाजारात ठरतो, आणि भाषेने हा भेद कोणी शिकवल्याशिवाय नेमका टिपला आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे ‘हमीभाव’. सरकारी मराठीत त्याचे नाव ‘किमान आधारभूत किंमत’ असे आहे. ती सुचवणारा आयोग 1965 साली स्थापन झाला, 1985 मध्ये त्याच्या नावात खर्चाचाही समावेश झाला, आणि मराठीत आपण त्याला कृषिमूल्य आयोग म्हणतो. म्हणजे एकाच गोष्टीसाठी भाव, किंमत आणि मूल्य असे तीन शब्द आलटून पालटून आले आहेत. यांपैकी लोकांनी उचलला तो हमीभाव, आणि माझ्या मते तोच सर्वांत चांगला शब्द आहे, कारण बाजारात भाव कितीही घसरला तरी याखाली जाऊ देणार नाही, हे वचन त्या एका शब्दात स्पष्ट ऐकू येते.

कागदोपत्री हा भेद किती उपयोगी पडतो, याची आणखी दोन उदाहरणे देतो. दहावीच्या गणितात शेअरची ‘दर्शनी किंमत’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे शब्द शिकवतात. समजा दर्शनी किंमत 10 रुपये आहे. ती शेअरवर नोंदलेली म्हणून किंमत, आणि त्याच शेअरचा बाजारात आज 125 रुपये आणि उद्या 118 रुपये होतो तो भाव. दुसरे उदाहरण घराच्या किंवा जमिनीच्या खरेदीखताचे. नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्रमांक 2 मध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन स्वतंत्र रकाने असतात. मोबदला म्हणजे खरेदीदाराने विकणाऱ्याला देण्याचे ठरवलेली रक्कम, आणि बाजारभाव म्हणजे शासनाच्या तक्त्यानुसार त्या मिळकतीचे होणारे मूल्य. दोहोंपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. हे दोन शब्द एकच समजणाऱ्या माणसाचा शुल्काचा हिशेब हमखास चुकतो.

‘मूल्य’ हा संस्कृत शब्द विक्रीपेक्षा योग्यतेकडे अधिक झुकलेला आहे. मूल्यमापन, मूल्यशिक्षण, रुपयाचे अवमूल्यन यांत तो योग्य वाटतो. पुस्तकांवरचे ‘स्वागत मूल्य’ आणि कार्यक्रमांच्या तिकिटांवरचे ‘देणगी मूल्य’ यांतही पैसे मागण्याचा उघडपणा जरा झाकण्याचाच हेतू असतो. त्याचेच घरगुती रूप ‘मोल’. मोलमजुरी, मोलकरीण या शब्दांत ते श्रमाचे दाम दाखवते, मोलाचा सल्ला आणि अनमोल यांत गौरव दाखवते, तर कवडीमोल आणि मातीमोल यांत अवहेलना दाखवते. जुन्या मराठी कागदपत्रांत बाजारातील चालू भावासाठी फारसीतून आलेला ‘निरख’ही आढळतो, पण आज तो वापरात राहिलेला नाही. सेवेसाठी देतो त्या पैशांना यांतला कोणताच शब्द सहसा लागत नाही. घराचे भाडे, गुरुजींची दक्षिणा, वक्त्याचे मानधन, मासिकाची वर्गणी, आणि विजेच्या बिलावरचा ‘स्थिर आकार’ आणि ‘वहन आकार’ अशी प्रत्येकाची वेगळी नावे आहेत.

आता ‘भाव’ या शब्दाचे व्यापाराबाहेरचे अर्थ. मनातली भावना हा मुख्य अर्थ, त्यातून चेहऱ्यावरचे हावभाव, आणि भक्तीच्या संदर्भात श्रद्धा. ‘देव भावाचा भुकेला’ या म्हणीतला भाव तो हाच. नाट्यशास्त्रात 8 स्थायी म्हणजे टिकून राहणारे, 33 व्यभिचारी म्हणजे येऊन जाणारे आणि 8 सात्त्विक म्हणजे घाम, कंप असे शरीरावर उमटणारे, असे एकूण 49 भाव मानले आहेत. कुंडलीतील 12 स्थानांनाही भाव म्हणतात. बंधुभाव, समभाव, सेवाभाव यांत तो ‘तसे असणे’ या अर्थाने येतो, आणि व्याकरणातील भाववाचक नाम व भावे प्रयोग ही नावेही त्यातूनच आली आहेत. याशिवाय ‘भाऊ’ शब्दाचे सामान्यरूपही ‘भावा’ असेच होत असल्याने ‘भावाने’, ‘भावाला’ यांचा अर्थ केवळ संदर्भावरूनच लागतो.

बाजारातला भाव माणसांच्या नात्यांतही आला आहे. ‘त्याला कोणी भाव देत नाही’ म्हणजे कोणी विचारत नाही, ‘ती भाव खाते’ म्हणजे मुद्दाम ताठ्याने वागते, आणि ‘छोट्या भूमिकेतही तो भाव खाऊन गेला’ म्हणजे सर्वांची वाहवा मिळवून गेला. हंगामाच्या सुरुवातीला हापूस भाव खातो, तेव्हा मात्र अर्थ सरळ पैशांचा असतो. ‘किंमत’ शब्दाचा असा विस्तार परिणामांकडे झाला आहे: चुकीची किंमत मोजावी लागते, ‘चुकीचा भाव’ मोजावा लागत नाही.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. ‘किंमत स्वस्त आहे’, ‘भाव महाग झाले’ अशी वाक्ये जाहिरातींत आणि बातम्यांत वारंवार येतात. वस्तू स्वस्त किंवा महाग असते, किंमत आणि भाव कमी किंवा जास्त असतात. आणि ‘किंमत’ हा शब्द लिहिताना अनुस्वार द्यावा, पण विभक्तीचा प्रत्यय लागला की तो जातो: किमतीत, किमतीला, किमतीचा, जसे गंमत या शब्दाचे गमतीने होते.