नवं खोगीर हप्त्यांवर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडा ६ वर्षांचा, घेऊन १० महिने झाले. आठवड्यातून ४ दिवस रपेट. जुनं खोगीर नीट बसत नाही, तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना तो कान मागे टाकतो. मापानुसार बनवलेलं नवं खोगीर २४ हप्त्यांत घ्यायचं मनात आहे. राखीव रक्कम मात्र घोड्याच्या दोनच महिन्यांच्या खर्चाइतकी.

खोगीर बदला, तेही लवकर. हे हप्ते मात्र आत्ता नकोत.

या वयात घोड्याची वाढ नुकतीच पुरी होत असते. नियमित कामानं पाठीचे स्नायू भरतात, आकार बदलतो. आजच्या मापाचा ट्री, म्हणजे खोगिराचा आतला सांगाडा, वर्षभरात अरुंद पडला, तरी हप्ते चालूच राहतील.

आकडे मांडून बघा. नव्याची किंमत १०० धरा. ३ वर्षांनी ते ५० ला विकलं, व्याज १२ आणि फिटरच्या (खोगीर घोड्याला नीट बसवून देणाऱ्याच्या) तपासण्या १८, तर एकूण खर्च ८०. चांगलं वापरलेलं खोगीर ४० ला घेऊन ३० ला विकलं, तपासण्या तितक्याच, तर खर्च २८. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्याकडचे घालून पाहा. तपासण्यांचे १८ मात्र कुठेच कापू नका.

कारण ‘खोगीरभरती’ आपण निरुपयोगी भरण्याला म्हणतो, पण खऱ्या खोगिरात घोड्याचं सुख त्या भरतीवरच असतं. लोकरीची भरती दबते, गोळे होतात. फिटर ती काढून-घालून पुन्हा सारखी करतो. म्हणून लोकर भरलेलं आणि गलेट प्लेट (पुढच्या कमानीची रुंदी ठरवणारी पट्टी) बदलता येणारं खोगीर शोधा. अरुंद खोगिराखाली जाड नमदा घालून भागवू नका, त्यानं जागा आणखी घटते.

पैसे देण्याआधी ट्री तपासा. पुढची कमान पोटाशी टेकवून मागचा काठ दोन्ही हातांनी ओढा. मधेच दुमडलं, कुरकुरलं, बैठकीवर आडवी सुरकुती उठली, तर ते फुकटही नको. मग नमदा न घालता खोगीर खांद्याच्या फऱ्यामागे ठेवा. तुम्ही वर बसल्यावरही विदर्सवर (मानेमागे खांद्यांमधल्या उंचवट्यावर) २-३ बोटं मोकळी हवीत, कण्यावरची खाच पुढून मागेपर्यंत ३-४ बोटं रुंद हवी, आणि पॅनेल (पाठीवर टेकणारी भरलेली गादी) शेवटच्या बरगडीपलीकडे जाता कामा नये. पॅनेलखालून तळहात सरकवा; मधे पोकळी लागली तर सगळा भार चार टोकांवर येतोय. तुमच्या बैठकीमागे साधारण तळहाताएवढी जागा उरावी. अर्धा तास रपेट करून खोगीर उतरवा. घामात एखादा कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब फार आहे किंवा स्पर्शच नाही. असं वापरून बघू न देणाऱ्याकडून घेऊ नका.

या सगळ्याआधी पशुवैद्याला दाखवा. तंग आवळताना चिडणं पोटाच्या किंवा पाठीच्या दुखण्यामुळेही असतं, आणि तसं असेल तर कुठल्याच खोगिरानं ते जाणार नाही.

हप्त्याची ठरवलेली रक्कम दरमहा बाजूला टाका, राखीव ६ महिन्यांची होईपर्यंत. दर सहा महिन्यांनी लवचीक पट्टीनं पाठीचा आकार कागदावर उतरवून तारीख घाला. लागोपाठ तीन आकृत्या जुळल्या, की मापाच्या खोगिराचा विचार रोखीनं करा.