पत्राची वाट बघत बसू नका (उत्तर जरा लांबलंय)

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की मिरजेचे आहात, विशारद झालात, चर्चमध्ये पेटी वाजवता, बी.डी.नंतर (म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीनंतर) उपासना-संगीतावरच पुढचा अभ्यास करायचाय. पण जुन्या चाली गोळा करायला एका कार्यालयाचं पत्र हवंय आणि तीन महिने थांबलाय. त्या 'तीन महिने थांबलोय'वर मी अडकलो.

कॉलेजला सेरामपूरची (या पदव्या देणाऱ्या संस्थेची) संलग्नता, पाळकसाहेबांची शिफारस वगैरे तुम्हाला माहीत असणारच. ते सोडतो.

माझा एम.टीएच.चा, म्हणजे त्यापुढच्या पदवीचा, विषय होता सातारा भागात गायल्या जाणाऱ्या ख्रिस्ती भजनांच्या चाली. ख्रिस्ती भजनं लिहिणारे कवी रेव्ह. ना. वा. टिळक 1917 साली साताऱ्याला आले, इथेच त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, 1919 मध्ये वारले. त्यांच्या भजनांचे शब्द छापलेले आहेत, पण चाल ज्याच्या त्याच्या गळ्यात. वाईजवळच्या एका गावात ऐंशी ओलांडलेल्या आजी भेटल्या. वडिलांकडून आलेल्या दहा-बारा चाली त्यांना येत होत्या. आपण रविवारी जे सरसकट केरवा तालात बडवतो, ते त्या धुमाळी तालात, निवांत म्हणायच्या. पहिल्या भेटीत त्या तासभर गायल्या आणि फोन माझ्या खिशातच राहिला. का, तर मला सगळं रीतसर करायचं होतं. आधी परवानगी, मग रेकॉर्डिंग.

परवानगी ज्यांच्याकडे मागितली त्यांचं नाव घेत नाही. आधी मार्गदर्शकांचं पत्र आणा. आणलं, तर झेरॉक्स चालत नाही. मूळ प्रत दिली, तर साहेब दौऱ्यावर. मग म्हणे, कमिटीसमोर ठेवू. कमिटी नाताळानंतर. सात महिने गेले. पत्र हातात पडलं तोवर आजींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. मला ओळखलं, हात धरला, पण आवाज फुटेना.

कार्यालयावर राग आहेच, पण मूर्खपणा माझा. त्यांचे जुने दप्तर बघायला पत्र लागतं हे ठीक. आजींच्या ओसरीवर बसून गाणं ऐकायला कुणाचं पत्र लागणार होतं? आजींना विचारलं असतं तर पुरलं असतं. तेव्हा गाणाऱ्याची आणि घरच्यांची संमती घ्या, ती फोनवरच बोलून घ्या, आणि सुरू करा. तुमच्या कॉलेजचे नियम वेगळे असू शकतात, मार्गदर्शकांच्या कानावर घालाच. मी सी.एन.आय.मधला (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), कॅथलिक मंडळींची पद्धत मला सांगता येणार नाही.

करिअरचं विचारलंत म्हणून: नुसत्या संगीतावर पोट भरेल असं माझ्या पाहण्यात नाही. पेटीवाल्याला आपल्याकडे शाल-नारळ मिळतो, पगार नाही. पाळकी किंवा शिकवणं धरून हे करावं लागतं. हे माझं मत, कुणाला पटणार नाही. गिटारशी माझं भांडण नाही, पण कीबोर्डचा तयार ठेका लावून अभंग म्हणणं मला सहन होत नाही. तुम्ही तर तंबोऱ्यांच्या गावात राहता! तिथल्या कारागिरांकडून एक जुना तंबोरा बघा, चाली उतरवताना सूर पक्का राहतो.

आणि रेकॉर्ड करताना पंखा बंद करा. आजींच्या सुनेला आठवत होत्या तेवढ्या दोन चाली नंतर घेतल्या, त्यातली एक पंख्याच्या घरघरीत गेली.