रंकाळ्यावर चालताना फोन खिशातच ठेव

भावा, ध्यान सुरू करायचं म्हणतोस, तर सुरुवातीलाच मांडी घालून अर्धा तास बसायचा हट्ट नको. रोज रंकाळ्यावर चालतोसच, मग संध्यामठाजवळचा पट्टा नुसतं चालण्यासाठी ठेव. टाच टेकते, मग चवडा. वारा कानाला लागतो, भाजत्या कणसांचा वास येतो. मन भरकटणारच. ते भरकटलंय हे कळणं हाच सराव, लगेच पावलांवर परत ये.

कृतज्ञतेची वही, म्हणजे ज्यांबद्दल आभार वाटतात त्या गोष्टी लिहायची वही, रोज नको, उरकल्यासारखं होतं. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटानं आठवड्यातून एकदाच, फार तर पाच गोष्टी लिहिल्या होत्या. लिहिताना नेमकं लिही: ‘आईनं डब्यात खर्डा जास्त घातला.’

आणि काही बिघडलं तर जिवलग मित्राची समजूत काढतोस त्याच शब्दांत स्वतःशी बोल. सगळ्यात अवघड हेच, त्याला सवड दे.