'इन्फर्मेशन'ला अनेकवचन का नाही?

'फॅक्ट्स' आणि 'सजेशन्स' चालतात, तर 'इन्फर्मेशन्स' आणि 'अ‍ॅडव्हाइसेस' चूक का, आणि जे मोजता येते त्याचे नाम गणनीय, हा शाळेतला नियम इथे का लागू पडत नाही, असा प्रश्न आला आहे.

माझ्या मते तो नियमच अपुरा आहे. गणनीयता वस्तूच्या अंगी नसते, त्या त्या भाषेतल्या नामाच्या अंगी असते. खुर्च्या, टेबले, कपाटे एकेक करून मोजता येतात, तरीही 'फर्निचर' हे नाम इंग्रजीत अगणनीयच आहे. दुकानांच्या पाट्यांवर दिसणारे 'फर्निचर्स' प्रमाण इंग्रजीत बसत नाही. धान्यांच्या नावांत तर हे फारच स्पष्ट दिसते. इंग्रजीत 'व्हीट' एकवचनी, 'ओट्स' मात्र अनेकवचनी. आपणही 'तांदूळ निवडले' म्हणतो, पण 'बाजरी निवडली'. बाजरीचा दाणा बारीक म्हणून असे होत असावे असे मानले, तर तीळ त्याहून बारीक असूनही आपण 'तीळ भाजले' असेच म्हणतो.

नामाची ही जात कायमची ठरलेली असते असेही नाही. वाटाण्यासाठी इंग्रजीत पूर्वी 'पीझ' हा एकवचनी शब्द होता. त्याच्या शेवटचा 'झ' लोकांना अनेकवचनाचा प्रत्यय वाटू लागला आणि 17व्या शतकात तो काढून 'पी' हे नवे एकवचन रूढ झाले. जुना शब्द 'पीझ पुडिंग' या पदार्थाच्या नावात टिकून आहे.

'अ‍ॅडव्हाइसेस'च्या चुकीमागे मराठीतले 'सल्ले' असू शकतात, पण 'इन्फर्मेशन्स'चे खापर मराठीवर फोडता येणार नाही, कारण आपली 'माहिती'सुद्धा एकवचनीच आहे. शिवाय इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात दंडाधिकाऱ्यापुढे लेखी दाखल केलेल्या आरोपाला 'इन्फर्मेशन' म्हणतात, आणि त्या अर्थी 'टू इन्फर्मेशन्स' अगदी शुद्ध ठरते.

म्हणून नामांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा अर्थ पाहावा. डोक्यावरचे सगळे केस म्हणजे अगणनीय 'हेअर', पण आमटीत सापडलेला एक केस म्हणजे 'अ हेअर'. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत 'सी' म्हणजे गणनीय आणि 'यू' म्हणजे अगणनीय, अशा खुणा प्रत्येक अर्थापुढे वेगळ्या दिलेल्या असतात, त्या पाहाव्यात. सल्ला एकच आहे हे सांगायचे असेल, तर 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस' असे लिहावे.